नाल्याच्या अलीकडे

गोदामायला लांबून हाक मारायची नाही, असा आमच्या गावात नियमच होता. कुणाकडे बाळंतपणाची वेळ आली तर माणसाने धावत तिच्या अंगणात जायचे, समोर उभे राहायचे आणि मग बोलायचे. नव्या सुना चुकायच्या. रस्त्यावरूनच "गोदामाय वं!" अशी साद घातली की म्हातारी बसल्या जागची हलत नसे, आणि वर साद घालणारीच्या सासूचा उद्धार करी, "सुनेले रीत नाई शिकवली वाटते कोनी!"

किन्हीराजाच्या आसपासच्या खेड्यांत तिच्यासारखी सुईण नव्हती. कडुनिंबाच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती बाळंतिणीला शिवत नसे. गोड बोलणे मात्र तिला ठाऊकच नव्हते. "रडून पोर भाईर येत असतं तं मी कायले आली असती?" असे ती दरडावायची, आणि बायांना त्यानेच धीर यायचा.

गावातली सगळी पोरे तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातली. मला मात्र तिने कधी जवळ घेतले नाही. मी पायाळू. पाठीत उसण भरलेली माणसे माझा पाय लावून घ्यायला यायची आणि मी फुकटचा भाव खायचो. एकदा गोदामायची पाठ धरली, तेव्हा मी आपणहून पाय धुऊन तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "तुया पाय नको लावू मले. जाय घरी." ते माझ्या फार जिव्हारी लागले. घरी येऊन मी आईशी भांडलो, तेव्हा आईने सगळे सांगितले.

प्लेगच्या साली घरोघर उंदीर पडू लागले आणि गाव उठून माळावर झोपड्यांत गेले. ज्याला गाठ येईल त्याने नाल्यापलीकडच्या झोपडीत जायचे, आणि त्याच्याकडे जो जाईल त्याने साथ सरेपर्यंत अलीकडे यायचे नाही, असे पंचांनी ठरवले होते. गोदामायला नवरा नव्हता. एकच लेक, नामदेव, लग्नाला आलेला गडी. त्याच्या काखेत गाठ आली. ती भाकरी बांधून निघाली, तर पंच आडवे आले.

"जायचं असन तं जाय, माय. तुले कोनी धरत नाई. पन मंग आमच्या बायाईले हात लावता येनार नाई."

माळावर तीन बाया दिवस भरलेल्या होत्या. गावातली दुसरी सुईण प्लेगने आधीच गेली होती. त्या तिघींपैकी एक माझी आई. तिला कळा सुरू झाल्या होत्या, आणि मी पायाकडून येत होतो.

प्लेगातून उठलेला एक म्हातारा पलीकडच्यांना पाणी पाजायला होता. गोदामायने भाकरी त्याने नामदेवला न्यावी म्हणून नाल्याकाठी ठेवली आणि हात धुऊन आमच्या झोपडीत आली. नामदेव दिवसभर हाका मारत होता, "माय वं, ये ना वं!" मोकळ्या माळावर आवाज दूरवर येतो. आईलाच ते सोसवेना. ती म्हणाली, "गोदामाय, तू जाय." गोदामाय म्हणाली, "चूप. जोर लाव."

मी बाहेर आलो तेव्हा हाका थांबल्या होत्या.

पुढे उरलेल्या दोघींचीही सुटका तिनेच केली. साथ सरल्यावर गावाने तिला देवीच करून टाकले. लग्नकार्यात पहिली लुगडे-चोळी तिला, सणाचे पहिले ताट तिच्याकडे. कुणी तिच्या त्यागाचे गोडवे गायला लागले की ती ताट तसेच टाकून उठायची. लोक म्हणायचे, म्हातारीला मोठेपणा नको असतो. लोकांना काय, काहीही समजते!

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी चार लेकरांचा बाप झालो होतो. त्यांच्या वेळची बाळंतपणेही तिनेच केलेली. लेकरांना घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि इतकी वर्षे अडलेले बोललो, "माय, तुह्यामुळं हावो आमी."

तिने कुशीवर वळून माझ्याकडे तोंड केले. मग म्हणाली, "तुया काई कसूर नाई, बाप्पा. पन खरं सांगते. तो दिवस पुन्हा आला, तं मी लेकाकडे जाईन. तू मेला तरी. तुयी माय मेली तरी."

माझी लेकरे दारात उभी होती. धाकटी तर माझे बोट धरून होती.

"जाय, माय," मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो.