चित्राखालची पट्टी

चूक माझीच, ती आधी सांगून टाकतो. सहा वर्षांपूर्वी कशेडी घाटात दरड कोसळली, आमची एसटी अडकली आणि पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत शंकरराव नावाच्या अनोळखी गृहस्थांनी मला दोन दिवस जेवू घातलं. घरी परतल्यावर मी त्यांना माझ्या संग्रहातलं एक चित्र पाठवलं. जुन्या विलायती साप्ताहिकातलं कोरीव चित्र: घोड्यावर राजा, मागे एक मिशाळ माणूस त्याच्यावर छत्री धरून. हाताशी असलेल्या फ्रेममध्ये ते मावेना, म्हणून खालची मजकुराची पट्टी मी कात्रीने कापली. छत्रीवाला कोण, असं शंकररावांनी फोनवर विचारलं. मी म्हणालो, "मिश्या बघा. तुमचे पणजोबाच असणार." मी हसलो. ते हसले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा त्यांनी शिमग्याचं आमंत्रण दिलं. म्हणाले, त्या चित्रामुळे देवीच्या पालखीवर अब्दागिरी (उंच काठीची राजछत्री) धरायचा मान चार वर्षं त्यांच्या घरात आहे. आधी तो कोणाकडे होता, असं मी भीत भीत विचारलं.

"धोंडूतात्यांकडं. पिढ्यान्‌पिढ्या. पण त्यांच्याकडं पुरावा नाय."

कापलेली पट्टी मी शोधून काढली आणि निघालो.

वीर स्टेशनवरून महाडपर्यंत रिक्षात माझ्या दोन्ही बाजूंना औद्योगिक वसाहतीतले दोन कामगार पाळी संपवून गाढ झोपले होते. त्यांच्या निष्पाप झोपेचा मला हेवा वाटला. महाडला मिसळ मागवली, कबुलीची तालीम करायला पट्टी काढली आणि ती तर्रीत पडली. वेटरने ती फडक्याने पुसली. बराच मजकूर गेला, मुद्द्याचा तेवढा राहिला.

पोलादपूरच्या नाक्यावर उतरलो, तर समोर दहा फुटी फलक. मी पाठवलेलंच चित्र, राजाच्या डोक्याशी शंकररावांचा गोल फोटो, खाली 'छत्रधारी घराणे'. वाडीकडे जाणाऱ्या जीपवाल्याने विचारलं, "तुम्हीच का ते चित्रवाले?" मी नाही म्हणालो. म्हणजे एक पाप आणखी वाढलं.

शंकररावांच्या घरी कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी होती. ही भाकरी संपली की सांगू, असं ठरवत मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

दुपारी सहाणेवर (पालखी टेकवायच्या ओट्यावर) गाव जमला. अब्दागिरी खांबाला टेकवलेली होती. तिच्या काठीवर एका जागी लाकूड हातांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. धोंडूतात्या सगळ्यांच्या मागे उभे होते. पंच्याहत्तरीचा ताठ माणूस, पण हात कधी पाठीमागे, कधी छातीवर, कधी खिशात.

मी उभा राहिलो आणि पट्टी वाचली. चित्रातला राजा मोरोक्कोचा सुलतान होता.

"ते कुठं आलं?" कोणीतरी विचारलं.

"आफ्रिकेत."

"शंकऱ्या, तुझा पणजोबा आफ्रिकेत कधी गेला रे? तो महाडच्या बाजारात चुकलेला, लोकांनी घरी आणून सोडलेला."

सहाण हसून हसून वाकली. शंकररावांनी आपले गुडघे चोळले. मग म्हणाले, "मलाबी शंका होतीच. घोड्यामागं पळायला गुडघे लागतात. आमच्या घरात कोणाचेच धड नायत." ते उठले, अब्दागिरी उचलली आणि धोंडूतात्यांसमोर धरली. तात्यांनी ती घेतली नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "चार शिमगे झाले. पालखी निघाली की हात कुठं ठेवावेत ते कळत नाय."

मी घाईघाईने देवळाकडे वळलो, हात जोडले आणि देवीची क्षमा मागू लागलो. गुरवांनी मला खांद्याला धरून उलटं फिरवलं. "पावणे, देवीचं काय गेलं? ज्याचं गेलं त्याला सांगा."

देवीशी बोलणं सोपं होतं. तात्यांच्या डोळ्यांत बघायला मला वेळ लागला.

"तात्या, चित्र मी कापलं. नावं खाली छापलेली होती, मला ती माहीत होती, तरी गंमत म्हणून खोटं बोललो. त्या गमतीने तुमचे हात रिकामे केले. माझं चुकलं. मला माफ करा, आणि ही काठी घ्या."