मधातून वाच म्हना

रामीबाई शाळेच्या दारात दिसली तेव्हा मला वाटलं, आली पोरीला कापूस वेचायला न्यायला. कळंबजवळच्या आमच्या शाळेत नववीच्या कच्च्या मुलांचा वाचनवर्ग मी घ्यायचे. तिची राखी त्यातून आजच सुटणार होती. धडा घडाघडा वाचला होता तिनं.

"मॅडम, तिले काहून सोडून राह्यले?"

"वाचता येतं तिला आता."

"कोन म्हन्ते? पुस्तक मांडीवर, डोये बकरीकडे, अन् तोंड सुरूच. हे का वाचनं होय?"

राखी आईवर चिडली. "याडी, गप बस ना! तुले तरी वाचता येते का?"

"नाही येत माय. पन पाठ करनं मले समजते."

ते खरं होतं. त्यांच्या बंजारा तांड्यात लग्नाची, तीजेच्या सणाची गाणी तीच म्हणायची. एकदा कानावर पडलं की पाठ.

"मले गानं मधातून म्हनता येत नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून धरा लागते. तिले मधातून वाच म्हना."

माझ्या शिकवण्यावरच हिचा संशय! मी रागानंच चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. राखी थोडी थांबली, मग बरोबर वाचलं.

"ओठ पाहा तिचे," रामीबाई म्हणाली.

पुढच्या ओळीला मी पाहिलं. राखी ओठांतल्या ओठांत पहिल्या ओळीपासून धावत येत होती. मग मी न शिकवलेला धडा काढला. तिला पहिलाच शब्द लागेना.

चूक माझी होती. प्रत्येक धडा मीच आधी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायचे. सुटणाऱ्यांच्या यादीतलं तिचं नाव खोडताना मी मनात कळंबच्या चिंतामणी गणपतीची क्षमा मागितली. राखी रडली. आईशी आठ दिवस बोलली नाही. रामीबाई मात्र रोज वेचणीवरून येऊन वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात बसायची. मी वाचून दाखवणं बंद केलं.

संक्रांतीच्या सुमारास राखीला एक नवं पान दिलं. ती अडखळली, मागे गेली, एक शब्द तोडून तोडून जुळवला, पुढे सरकली.

मी व्हरांड्याकडे पाहिलं. "काय रामीबाई, आता?"

"अडकते तं खरं," ती म्हणाली. "पन हे पान तुमी तिले आधीच पढवलं असन."

राखीला हसू फुटलं. तिनं पुस्तक आईपुढे धरलं. "घे याडी. तूच काढ पान."

रामीबाईनं अंगठा ओला केला, माझ्याकडे एकदा तिरकं पाहिलं आणि पुस्तक बरोबर मधातून उघडलं.