कन्नडचं लग्न आणि नाडी एकशे चार

"सर, एकशे चार! कन्नडला लग्न नकोच. मधेच काही झालं तर?"

देवीदासराव स्वतःची नाडी धरूनच माझ्या औरंगपुऱ्यातल्या क्लिनिकमध्ये शिरले. मागून त्यांच्या पत्नी, सुनंदाताई. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. हॉल तासा-दीड तासावरच्या कन्नड गावी ठरलेला. यांना मात्र इथंच शहरात, गारखेड्यात, हॉस्पिटलसमोरचाच हॉल हवा होता. व्याही इतके चिडले होते की सोयरीक मोडायच्या बेतात होती.

मी मानसोपचार करतो; गोळ्या देत नाही, बोलतो आणि सराव करून घेतो. देवीदासरावांना 'हेल्थ अँग्झायटी' होती. छाती धडधडली की अटॅकच आला, असं वाटायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून ठणठणीत ठरवलं होतं.

सुनंदाताईंनी नवऱ्याचा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "राग मानू नका सर, पण यांना तुम्हीच लई बिघडवलं."

चार महिन्यांचे मेसेज. त्यांचं 'सर, धडधडतंय.' माझं 'काही नाही, निर्धास्त राहा.' दिवसातून सात-आठ वेळा.

"तुमचं उत्तर आलं की अर्धा तास बरं. मग पुन्हा तेच."

याला आम्ही 'रिअशुरन्स' म्हणतो. धीर दिला की भीती तेवढ्यापुरती उतरते आणि लगेच आणखी धीर मागते. विद्यार्थ्यांना हे मीच शिकवतो. पण कुणाला तरी माझ्यावाचून करमत नाही, हे मला आवडत होतं. कबूल करतो.

नियम ठरला: नाडी मोजायची नाही, मला विचारायचं नाही. उलट धडधड मुद्दाम वाढवायची आणि ती आपोआप उतरते का, ते बघायचं. आम्ही तिघं बिल्डिंगच्या जिन्यावर धावलो. चार मजले, वर-खाली. तिसऱ्या फेरीला मी कठड्याला लोंबकळलो.

"सर, पांढरे पडलात! ॲम्ब्युलन्स बोलवू?"

"नाय बोलवायची!" सुनंदाताई वरून ओरडल्या. "धीर द्यायचा बंद ठरलंय ना!"

तिघंही पायरीवर बसून इतकं हसलो की खालचा झेरॉक्सवाला बघायला आला.

पंधरा दिवस रोज जिना. लग्न कन्नडलाच झालं. वरातीत देवीदासराव बँडपुढं नाचत होते. घामाघूम होऊन माझ्याकडं आले.

"सर, लई धडधडतंय!"

'काही नाही' अगदी ओठांवर आलं होतं. मी हातातला बुंदीचा लाडू अख्खा तोंडात कोंबला.

त्यांनी माझ्या फुगलेल्या गालांकडं पाहिलं. "बरं, धडधडू द्या," म्हणाले आणि पुन्हा नाचायला पळाले.

आमच्या कामात चांगलं बोलता यावं लागतं. त्याहून जास्त, तोंड वेळेवर भरलेलं असावं लागतं.