एसीला गुंडाळलेला पंचा

आमच्याकडे माठाला ओलं फडकं गुंडाळतात. त्याने पाणी गार राहतं, हे आईने शिकवलेलं. परवा भर दुपारी गॅलरीत गेलो, तर एसीचं बाहेरचं यंत्र उन्हात एकटंच धापा टाकत होतं. मला त्याची दया आली. एक जुना पंचा भिजवला आणि त्याच्याभोवती मायेने गुंडाळला. तासाभरात आत नुसती भट्टी.

"कालपर्यंत बरा होता," बायको म्हणाली. "तुम्ही काही केलंत का?"

मी पेपर डोळ्यांसमोर धरला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला शिंदे आले. पन्नाशीचे, घामाने निथळत. त्यांनी वाळून कडक झालेला पंचा दोन बोटांनी उचलला. "काका, घरातली गरमी हा इथून बाहेर टाकतो. तुम्ही त्याचं तोंडच बांधलंत."

यंत्र सुरू करताच गरम वारा भस्सकन अंगावर आला. ती सगळी उष्णता आमचीच होती. आपल्या गारव्यासाठी बाहेर कोणीतरी तापत असतं, हे मला सत्तराव्या वर्षी एका यंत्राने सांगावं लागलं.

शिंद्यांना माठातलं पाणी दिलं. दोन तांबे रिचवून ते उठले. अजून चार घरं बाकी होती. दाराशी जरा घुटमळले.

"तो पंचा घेऊ का?"

मी तो भिजवून, पिळून दिला. डोक्याला गुंडाळून ते उन्हात निघाले.

बायको गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "आता बसला बरोबर जागी."