तारवाल्या पुस्तकाचे वाचक

पुस्तक परत द्यायला आलेला माणूस कधी नुसतं पुस्तक देऊन जात नाही. दारात उभा राहून काहीतरी बोलतोच. सुरतेत नवागामला गणेश मंडळाच्या खोलीत आम्ही दोन लोखंडी कपाटांची मराठी लायब्ररी चालवायचो, तेव्हा अशी बोलणी इतकी साचली की पुस्तकं कमी आणि किस्से जास्त झाले! त्यातले निम्मे तरी एकाच पुस्तकाचे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी दिवसा पर्वत पाटियाजवळ साडीच्या दुकानात कामाला असायचो आणि रविवारी लायब्ररी उघडायचो. एकदा रद्दीतून आणलेल्या गठ्ठ्यात कव्हर फाटलेली एक कादंबरी निघाली. पुढच्या काळातलं शहर, सगळं एका कंपनीच्या ताब्यात. नायक मानेत तार खुपसून कॉम्प्युटरच्या आत शिरतो आणि तिथून कंपनीची गुपितं चोरतो. आम्ही कॉम्प्युटर फक्त बँकेत, काचेपलीकडे पाहिलेला! नाव फाटून गेलेलं, म्हणून सगळे त्याला 'तारवालं पुस्तक' म्हणू लागले.

*

पहिले वाचक भास्करदादा. लूमच्या कारखान्यात फिटर. सुरतेत कारखान्याला 'खातं' म्हणतात, आणि खात्यातली कुठलीही लूम बिघडली की हाक दादांनाच. पुस्तक त्यांनी आठवड्यात संपवलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"कसं वाटलं, दादा?"

"लिहिलंय झकास. पण माणूस खोटारडा आहे."

"कोण, नायक?"

"लेखक! अरे, एवढं मोठं शहर, सगळं वायरीवर चालतंय, आणि अख्ख्या पुस्तकात एकदाही लाइट जात नाही? तो मानेत तार घालून आत बसलाय आणि लाइट गेली, तर त्याला बाहेर कोण काढणार? तुझा काका?"

मी म्हटलं, "दादा, पुढच्या काळात लाइट जात नसेल."

दादांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग तसं पहिल्याच पानावर लिहायचं ना! मी जीव मुठीत धरून वाचलं की रे सगळं!"

*

सुमनवहिनींची तक्रार वेगळीच. वहिनी खात्यातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी खानावळ चालवायच्या. दुपारी भांडी आवरली की वाचायला बसायच्या.

"भाऊ, हा पोरगा जेवत का नाही?"

"कोण पोरगा?"

"तुमचा तो तारवाला! अर्धं पुस्तक झालं, नुसत्या गोळ्या गिळतोय. गोळीनं पोट भरतं का? माझ्याकडे असता तर दोन भाकरी आणि शेवेची भाजी खाऊ घालून झोपवला असता. डोक्यातलं खूळ आपोआप उतरलं असतं."

पुढच्या रविवारी वहिनी आल्या त्या खुशीत. "जेवला बरं का! एका म्हातारीनं त्याला गरम सूप पाजलं."

मला पुढचं पान आठवत होतं. मी चाचरत म्हटलं, "पण वहिनी, लगेच त्याच्यावर गोळीबार होतो ना..."

"होऊ दे," वहिनी म्हणाल्या. "पिऊन झाल्यावर झाला ना!"

*

पाटीलगुरुजी परभणीकडचे. रिटायर झाल्यावर मुलाकडे डिंडोलीला राहायला आलेले. तिथं त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून दर रविवारी चालत यायचे. एका रविवारी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "चोर हा नायक? मुलांवर काय संस्कार होणार? हे पुस्तक कपाटातून काढा!"

मी म्हटलं, "गुरुजी, काढू. पण कोणती पानं वाईट ते तरी दाखवा."

"दाखवतो!" म्हणून गुरुजी पुस्तक घेऊन गेले. दोनतीन आठवड्यांनी आले.

"सापडली का पानं?"

"असं एका वाचनात कळत नसतं. पुन्हा न्यावं लागेल."

पुन्हा नेलं. परत आणलं तेव्हा वरच्या कडेला चहाचा डाग आणि पानं मऊ पडलेली. खोलीत आणखी दोघं बसले होते, म्हणून गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं,

"याचा दुसरा भाग निघालाय का हो?"

*

आता दिनकरचं ऐका. बारा-बारा तास लूमच्या खडखडाटात उभा राहून त्याचे कान गेलेले. त्याच्या मित्रांचेही तेच. सुट्टीच्या दिवशी हे चौघं ओट्यावर बसायचे, दिनकर पुस्तक वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. म्हणजे दिनकर ओरडायचा!

गोष्टीत कंपनीचा एक परवलीचा शब्द असतो : 'जांभूळ'. नायकाच्या कानात कुणीतरी तो कुजबुजतं. ती कुजबुज दिनकरनं अशी वाचली की गल्लीच्या टोकापर्यंत पोचली. एका मित्राला तरीही ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा वाचली!

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत धुमाकूळ. कुणी दार वाजवलं की आतून "कोण?" आणि बाहेरून "जांभूळ!" दूधवालासुद्धा जांभूळ!

शेवटी शेजारच्या मणिबेन वैतागून माझ्याकडे आल्या. "भाई, आ जांभूळभाई कोण छे? आखी गली एने बोलावे छे, ने ए तो देखातो ज नथी!"

*

रघुनाथभाऊ लायब्ररीत कधी यायचे नाहीत. त्यांची बायको कमलवहिनी घरी बसून साड्यांना फॉल लावायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या साड्या तिच्याच हातच्या. टाका इतका बारीक की सुलट बाजूनं दिसायचा नाही. आदल्या वर्षी काविळीनं ती गेली. तेव्हापासून रघुनाथभाऊ खातं ते घर, घर ते खातं. बोलणं जवळजवळ बंद.

एका रविवारी ते आपणहून आले आणि म्हणाले, "ते तारवालं द्या."

मी जरा घुटमळलो. कारण त्या गोष्टीत नायकाची बायको मेलेली असते, पण तिचा आवाज कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलेला असतो. तो तार लावून आत जातो ते खरं तिच्याशी बोलायला. साध्याच गोष्टी. आज काय केलं, कोण भेटलं. आणि शेवटच्या प्रकरणात शहर वाचवायचं म्हणून तो स्वतःच्या हातानं, तिच्या आवाजासकट, ते मशीन बंद करतो.

पण नाही कसं म्हणणार? दिलं.

पुस्तक बरेच दिवस आलं नाही. मीही मागितलं नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी ते आणून टेबलावर ठेवलं. नवीन कव्हर घातलेलं. मी सवयीनं पानं चाळली, तर शेवटचं प्रकरण उघडेना. पानं तिन्ही कडांनी शिवलेली होती. फॉल लावायचा गुलाबी दोरा, टाके मात्र वेडेवाकडे. कुठे जाड, कुठे तिरपे, एका ठिकाणी सुई बोटात गेल्याचा बारीक तांबडा ठिपका.

टेबलावर ब्लेड होतं. माझा हात तिकडे गेला. रघुनाथभाऊ दारात चपला घालत होते. ते परत आत आले, शिवणीवर हात ठेवला आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"पुस्तक आठेच संपस, भाऊ."

इथेच तर इथेच. मी ब्लेड खणात टाकलं. पुस्तक तसंच कपाटात लावलं. नंतरही ते पुष्कळांनी नेलं आणि परत आणलं. शिवण कुणी उसवली नाही.