ताईंनी स्वतःचाच प्रस्ताव पाडला

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात पैशांचा कारभार बघणाऱ्या ताईंना सगळे माघारी 'तिजोरी' म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

एकदा त्यांनी दुप्पट मोठ्या भट्टीचा प्रस्ताव आणला. कारखान्याची जागा तारण ठेवायची, बँकेचं कर्ज काढायचं आणि माल दुप्पट करायचा. आकडे चोख होते. शिवाय त्यांचा पाठचा भाऊ जुन्या भट्टीवर कामाला. त्याचा भाजून निघालेला चेहरा बघून त्यांचा जीव तुटायचा. नव्या भट्टीजवळ इतकं उभं राहावं लागणार नव्हतं.

पण म्हाताऱ्या मालकांचा एक चमत्कारिक नेम होता. मोठ्या खर्चाचा प्रस्ताव जो आणेल, त्यानेच शेवटच्या बैठकीत समोरच्या खुर्चीत बसून त्याच्या विरोधात बोलायचं. तेही मनापासून, लुटुपुटूचं चालायचं नाही.

"काय हा पोरखेळ!" असं पुटपुटत ताईंनी खुर्ची बदलली. आधी व्याजावर चार वाक्यं उगाच टोलवली. मालक नुसते बघत राहिले. मग ताईंना स्वतःचीच लाज वाटली आणि त्या खरोखर खोट शोधू लागल्या. बोलता बोलता एकदम थबकल्या.

"आपला निम्मा माल एकटा सरबतवाला घेतो. उद्या तो प्लास्टिककडे गेला तर? काचेची भट्टी काय घरची शेगडी आहे, हवी तेव्हा विझवायला? माल निम्मा झाला तरी भट्टी इंधन खाणार, बँक हप्ता मागणार. जागा जाईल आपली." त्यांचा आवाज बसला. "नका घेऊ. नफ्यातून साठलंय त्यातून जुनीच्याच विटा बदलू, पुढे धग अडवायला भिंत घालू."

भाऊ कितीतरी दिवस धड बोलला नाही. भावजय तर फुगूनच बसली.

पुढे सरबतवाला खरंच प्लास्टिककडे वळला. कारखान्याने पोटाला चिमटा काढला, पण कुणाचं काम सुटलं नाही. भाऊ ताईंच्या खोलीत आला. "ताई, घर चाललंय गं माझं," एवढंच म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

ताई तडक मालकांकडे गेल्या. "तुमच्या त्या नेमाने तारलं हो आम्हाला. कसे फेडू तुमचे उपकार?"

"अगं, उपकार तर मी मानायचे," मालक म्हणाले. "मी होकार ठरवूनच आलो होतो. पेनचं टोपणही काढलं होतं. तुझा आवाज बसला, तेव्हा परत लावलं."