बारा डब्यांची फुली

१९५१ च्या उन्हाळ्यात आमच्या कारखान्यातून मुंबईच्या एका बर्फवाल्याकडे गेलेल्या चाळीस डब्यांपैकी बारा डबे परत आले. त्यांत बर्फ खारट होत होता. त्याच आठवड्यात माझ्या आत्याला कामावरून काढण्यात आलं.

कारखाना म्हणजे वटार गावी आमच्या केळीच्या वाडीतली पत्र्याची शेड. युद्धात परदेशी माल यायचा थांबला, तेव्हा थोरल्या काकांनी बर्फ गोठवायचे डबे करायला घेतले. काका गिऱ्हाइकं बघत. माझे वडील पत्रा जोडून सांध्यांना कथलाचा डाख देत. तपासणी त्यांच्या विधवा बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे होती.

बर्फाच्या कारखान्यात पाण्यानं भरलेले डबे अतिथंड खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवतात. सांधा गळका असेल तर खारं पाणी आत शिरतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक डबा विहिरीच्या पाण्यानं चार बोटं कमी भरून मिठागरातून आणलेल्या पाण्याच्या हौदात रात्रभर उभा करत. सकाळी आत्या आतलं पाणी चाखायची. तोवर चहाचा घोट घ्यायची नाही. खारट लागला त्या डब्यावर खडूनं फुली.

त्या सकाळी तिनं बारा फुल्या मारल्या. लॉरी दारात उभी होती.

"तुला आता सगळंच खारट लागतं, बाय," काका म्हणाले.

"मग दादा, तू चाख."

"तोंडात तंबाखू आहे."

"थुंक की. त्याला काय मुहूर्त लागतो?"

कामगार हसले. काकांनी ओलं फडकं घेतलं आणि फुल्या पुसल्या. डाख वडिलांचा होता. ते मान खाली घालून कानस घासत राहिले. चाळीसच्या चाळीस डबे लॉरीत चढले.

डबे परत आल्यावर काकांनी मला पत्र लिहायला बसवलं. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, त्यामुळे पत्रव्यवहार माझ्याकडे असे. त्यांनी सांगितलं, "तपासणी घरातील एका वृद्ध बाईकडे होती. तिच्या हातून चूक झाली. तिला कामावरून दूर केले आहे."

आत्या एक्केचाळीस वर्षांची होती.

"वृद्ध?" मी विचारलं.

"लिही."

मी लिहिलं.

संध्याकाळी आत्या ओटीवर केळीची पानं पुसत बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. "काय लिहिलंस गं त्यांना?" तिनं विचारलं.

"डबे बदलून देऊ, असं."

"आणि फुल्यांचं?"

"तेही लिहिलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे चहा न घेता शेडकडे गेली. हौदापाशी काकांनी नवा माणूस उभा केला होता. ती परत आली आणि चुलीपाशी बसून तिनं चहा घेतला. त्यानंतर ती शेडमध्ये गेली नाही.

शेड १९५८ मध्ये बंद झाली. पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात फुल्यांचा उल्लेख नाही. अक्षर माझं आहे.